हात लावू नका

"तुम्ही फक्त 'मशीन ठीक आहे' एवढं लिहून द्या, मॅडम. पुढचं मी बघतो."

डॉ. बिरादारांनी कोरा कागद माझ्यासमोर सरकवला. मी पेन उघडलं, पण कागदाला टेकवलं नाही. केबिनच्या दाराला अर्धी काच होती आणि काचेपलीकडे पाच-सहा माणसं दाटीवाटीनं उभी होती. त्यातला एक तरुण सारखा आत डोकावत होता. दाढी वाढलेली, खांद्यावर घोंगडं, डोळे जागरणानं लाल. तो मायाप्पा सरगर, बाळाचा बाप.

"पोलिसात जातो म्हणतायत," डॉक्टर आवाज खाली आणत म्हणाले. "त्यांना मी काय सांगू? मशीन नवीन आहे, कंपनीची बाई स्वतः येऊन तपासून गेली, काही दोष नाही. मग उरलं कोण? सिस्टर. तिला मी आजपासून येऊ नको म्हणून सांगितलंय. तुमचा कागद मिळाला की विषय संपला."

मशीन म्हणजे आमच्या कंपनीचा वॉर्मर. वजनाला कमी भरलेल्या तान्ह्या बाळांना ऊब देणारा पाळणा. वर जाळीच्या आड हीटरची कांडी, खाली छोटी गादी, बाळाच्या पोटाला चिकटवायची तापमान मोजणारी वायर आणि समोर आकडे दाखवणारा डिस्प्ले. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही मोजकी माणसं मिळून ते बनवत होतो. मी टेस्टिंग आणि दुरुस्ती बघायचे. नोकरी लागून फार दिवस झाले नव्हते. आज मागं वळून बघताना वाटतं, तेव्हाचं माझं वय आणि त्या कागदावरच्या सहीचं वजन यांचा काहीच मेळ नव्हता.

"नक्की काय झालं, मला परत एकदा सांगाल?" मी विचारलं.

"परवा पहाटे आणि काल दुपारी. दोनदा. अलार्म वाजला म्हणून कळलं. पोरीचं अंग पस्तिसाच्या खाली गेलेलं, तळवे निळे पडायला लागलेले. मी धावत गेलो, तर हीटर मस्त चालू! दोन्ही वेळा चालू. म्हणजे काय झालं असेल तुम्हीच सांगा. दुपटं बदलायला बाईनं हीटर बंद केला, परत लावायला विसरली, अलार्म झाल्यावर पळत जाऊन लावला. दोन्ही वेळा ड्यूटीवर एकटी एस्थर होती."

"त्या काय म्हणतात?"

"आधी म्हणत होती, मी हातच लावला नाही. काल संध्याकाळपासून गप्प आहे."

सकाळी पोचल्यापासून मी ते मशीन उलटंपालटं केलं होतं. हीटर, वायर, अलार्म, बटणं, सगळं तपासलं होतं. कुठंही खोट नव्हती. मघाशीच कुपवाडहून शिरगुप्पे सरांचा फोन येऊन गेला होता. सर कंपनीचे एक भागीदार, आणि मशीनच्या आतलं वीजपुरवठ्याचं सर्किट त्यांनी स्वतः बसवलेलं. "सगळं बरोबर निघालं ना? मग दे लिहून, आणि लवकर नीघ," असं ते म्हणाले होते. मला कागदावर चार शब्द लिहून दुपारची एसटी गाठायची होती.

"डॉक्टर, बाळ आत्ता कुठं आहे?"

"आईपाशी. छातीला बांधून ठेवलंय. पण कावीळ वाढतेय, तिला निळ्या दिव्याखाली ठेवायलाच पाहिजे. दिवा तुमच्याच मशीनला जोडलेला आहे. दुसरा वॉर्मर जुना आहे आणि त्यावर आधीच एक बाळ आहे. म्हणून तर म्हणतो, लवकर लिहा. तिला परत त्यावर ठेवायचीय."

मी लिहून द्यायचं, आणि त्या लिहिण्याच्या भरवशावर ती पोर परत त्याच गादीवर जायची.

"मी सकाळी तपासलं तेव्हा निळा दिवा बंद होता," मी म्हणाले. "बाळ होतं तेव्हा तो चालू होता. मला एकदा दिवा लावून मशीन चालवून बघू द्या. मग लिहिते."

"सकाळपासून काय केलंत मग?" ते वैतागले. पण हात हलवून म्हणाले, "बघा. लवकर बघा."

बाहेर पडले तशी माणसं बाजूला झाली. मायाप्पा आडवा आला.

"बाईसायब, खरं सांगा. मशीन बिघाडलंय, का त्या बाईनं बंद केलंतं?"

"अजून कळलं नाही मला."

"कळंल कवा? पोरगी गार पडल्यावर?" त्याचा आवाज चढला आणि मधेच फुटला. "दोन पोरं गेल्यावर ही झालीया. दोन गेल्यावर."

मी मान खाली घालून बाळांच्या खोलीत शिरले.

खोली लहान होती. पडदे ओढलेले, आत ऊब आणि डेटॉलचा वास. कोपऱ्यात जुन्या वॉर्मरवर एक बाळ शांत झोपलं होतं. खिडकीशी टेबलावर एक चाळिशीची बाई दुपट्यांच्या घड्या घालत होती. पांढऱ्या ड्रेसवर खाकी स्वेटर, केस घट्ट बांधलेले. टेबलाखाली तिची पिशवी भरून ठेवलेली दिसली. कामावरून काढलेली बाई जाता जाता घड्या घालत होती.

"एस्थर सिस्टर ना? मी पद्मजा मगदूम. कंपनीतून आलेय."

"माहीत आहे. सकाळी बघितलं तुम्हाला." घड्या थांबल्या नाहीत. "दुसऱ्या सिस्टर येईस्तोवर त्या बाळापाशी कुणीतरी हवं, म्हणून थांबलेय. झालं की निघतेच आहे मी. मिरजेची गाडी आहे."

मी कोमट सलाईनची बाटली मागून घेतली, बाळाच्या जागी गादीवर ठेवली आणि तिला वायर चिकटवली. मशीन सुरू केलं. निळा दिवा लावला. खोलीतली पांढरी भिंत, चादरी, एस्थर सिस्टरचे हात, सगळं निळं झालं. हीटर पेटला, आकडे चढू लागले. सगळं सुरळीत. मी स्टूल ओढून बसले.

"त्या दिवशी नक्की काय झालं, सांगाल?" मी विचारलं.

त्यांनी हातातलं दुपटं मांडीवर ठेवलं. "काय सांगू? पहिल्या वेळी मी या दुसऱ्या बाळाला वाटी-चमच्यानं दूध पाजत होते. अलार्म झाला. उठले, आले. हीटर चालू होता. मला कळेचना, मग पोरगी गार कशी? दुसऱ्या वेळी तसंच. मी म्हटलं डॉक्टरांना, मी बंद केला नाही. ते म्हणाले, मग आपोआप बंद झाला आणि आपोआप लागला?" त्या थांबल्या. "खरं आहे त्यांचं. असं कसं होईल?"

"म्हणजे तुम्ही बंद केला होता?"

"तेच तर आठवून बघतेय. काल दिवसभर आठवत होते. इतकं आठवलं, इतकं आठवलं, की आता मला माझा हात त्या बटणावर दिसायला लागलाय." त्यांनी उजवा हात उचलून स्वतःच्याच डोळ्यांसमोर धरला. "केलंच असेन मी. वीस वर्षं झाली या कामाला, कधी असं झालं नाही. पण होत असेल, नाही? माणूस थकतं."

मी त्यांची समजूत घालायला काहीतरी पुटपुटले. त्यांनी एक मोठी चादर घेतली, दोन्ही हात पसरून तिची टोकं जुळवू लागल्या. निळ्या उजेडात ती चादर आभाळासारखी दिसत होती. मी नुसती बघत होते. बराच वेळ तसाच गेला.

आणि माझ्या लक्षात आलं की चादरीचा निळा रंग मघापेक्षा फिका झालाय.

"सिस्टर, दिवा कमी केलात?"

"मी?" त्या एवढ्या दचकल्या की चादर हातातून सुटली. "मी नाही हात लावला. मी इथंच आहे. बघा ना, इथंच बसलेय मी!"

"अहो, नाही, मी सहज विचारलं." मी घाईनं उठले, मशीनपाशी गेले. डिस्प्लेवरचे आकडे मंद झाले होते. ते मला ठाऊक होतं. काही वेळ कुणी मशीनला हात लावला नाही की आकडे आपोआप मंद व्हावेत अशी सोय आम्हीच नव्यानं केली होती. अंधाऱ्या खोलीत लाल आकड्यांचा उजेड बाळांच्या डोळ्यांवर येतो, अशी काही सिस्टरांची तक्रार होती म्हणून. पण दिवा का मंदावला? तापमान बघायला मी बटण दाबलं.

आकडे झळकले. त्याच क्षणी निळा उजेड पुन्हा गडद झाला. आणि मशीनच्या पोटात आवाज झाला, टक्.

मी तशीच उभी राहिले. तो आवाज मला चांगला परिचयाचा. हीटरला वीज देणारा एक छोटा चुंबकी स्विच असतो, रिले म्हणतात त्याला. तो लागला की टक् वाजतो. पण तो आत्ता का लागला? ऊब देण्याचं काम चालू होतं तर तो आधीच लागलेला असायला हवा होता. वाकून जाळीच्या आत बघितलं. हीटरची कांडी काळवंडली होती आणि आता हळूहळू तांबूस होत होती. निळ्या उजेडाच्या झगमगाटात कांडी विझल्याचं स्टुलावरून मला दिसलंच नव्हतं. कुणालाच दिसलं नसतं.

"सिस्टर," मी म्हणाले, "आपल्याला परत एकदा बसावं लागेल. मी सांगेपर्यंत या मशीनला हात लावायचा नाही. तुम्ही नाही, मी नाही."

मी बाजूचं झाकण काढलं, व्होल्ट मोजायच्या मीटरच्या वायरी आत जोडल्या आणि पुन्हा स्टुलावर येऊन बसले. या वेळी एस्थर सिस्टरांनी घड्या घातल्या नाहीत. दोन्ही हात मांडीवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारख्या त्या मशीनकडे बघत राहिल्या.

आत काय आहे ते मला माहीत होतं. एकाच ट्रान्स्फॉर्मरवर दोन वेगळी वेटोळी. एकातून पाच व्होल्ट निघतात, ते डिस्प्लेला आणि मशीनच्या मेंदूला. दुसऱ्यातून बारा व्होल्ट, ते रिलेला आणि निळ्या दिव्याला. वीज किती सोडायची हे ठरवणारी चिप मात्र एकच, आणि ती फक्त पाच व्होल्टवर डोळा ठेवून असते. पाच व्होल्ट नीट तर सगळं नीट, असं ती धरून चालते. आकडे लख्ख असतात तोवर पाच व्होल्टवर चांगला भार असतो, म्हणून ती भरपूर वीज सोडते आणि दुसऱ्या बाजूलाही पुरेशी पोचते. पण आकडे मंदावले की पाच व्होल्टवरचा भार एकदम हलका होतो. चिपला वाटतं, आता काम उरलं नाही. ती हात आखडता घेते. पलीकडे बारा व्होल्टवर दिवा आणि रिले पोटभर मागत असतात, त्यांच्या तोंडचा घास कमी होतो. आणि चिपला त्याचा पत्ताच नसतो.

हे सगळं डोक्यात मांडलं, पण मीटर सांगेपर्यंत माझा स्वतःवर विश्वास बसत नव्हता.

आकडे मंद झाले. चादरीवरचा निळा रंग फिका झाला. मीटरवर बारा होते ते उतरू लागले. अकरा, दहा, नऊ आणि मग आठच्या जरा वर येऊन थांबले. मी वायर पाच व्होल्टवर नेली. पाच. अगदी नेमके पाच, तसूभरही ढळले नव्हते. ऊब पुरेशी झाली म्हणून हीटर नेहमीसारखा एकदा बंद झाला, तो पुन्हा लागायची वेळ आली तेव्हा आठ व्होल्टमध्ये रिलेला उचलायची ताकद उरली नव्हती. टक् झालंच नाही. कांडी काळी पडत गेली.

मी बटण दाबलं. आकडे झळकले. टक्.

"तुम्ही नाही, सिस्टर," मी म्हणाले. "तुम्ही काहीही केलं नाही. ते मशीनच बंद पडत होतं. अलार्म झाला की आकडे आपोआप लख्ख व्हायचे आणि हीटर परत लागायचा. तुम्ही पोचेपर्यंत सगळं ठीक झालेलं असायचं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठून बेसिनपाशी गेल्या, नळ सोडला आणि पाठमोऱ्या उभ्या राहून कितीतरी वेळ हात धूत राहिल्या.

व्हरांड्यात जाऊन मी सरांना फोन लावला. निळा दिवा बसवलेली मशीनं आम्ही नुकतीच विकायला सुरुवात केली होती. कोल्हापूर, सोलापूर, कर्नाटकातही गेली होती. सगळ्यांच्या पोटात हेच सर्किट. सर काय म्हणतील, ते मला सांगता येत नव्हतं. आधी सही करून ये, मग इथं गुपचूप बघू, असं म्हणाले तर?

मी सगळं सांगितलं. पलीकडून नुसता कारखान्यातल्या ड्रिलचा आवाज येत होता.

"पाचवर किती होतं म्हणालीस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"पाचच, सर. हललं नाही."

"हं. आणि बारावर आठ. मी पाच बघितलं होतं गं. प्रत्येक बोर्डावर पाच बघितलं होतं. बारा बघितलं, पण डिस्प्ले लख्ख असताना बघितलं. मंद करायची टूम नंतर निघाली, दिवा त्याच्याही नंतर जोडला. दोन्ही एकदम लावून कुणी बघितलंच नाही."

"सर, डॉक्टर सही मागतायत."

"मग कर की."

"म्हणजे?"

"लिही, मशीन सदोष आहे. दोष सापडला आहे. सिस्टरांचा काडीचा संबंध नाही. खाली कंपनीचं नाव घाल, माझं पण घाल. आणि त्या पोरीला त्या मशीनवर ठेवू देऊ नकोस, काही झालं तरी. मी दुसरं मशीन घेऊन निघतो. दिव्याला वेगळा सप्लाय जोडतो आणि पाचवर कायमचा भार बसवतो, म्हणजे चिपला हात आखडायची संधीच नको. जेवणवेळ झालीय तुझी. काही खाल्लंस का?"

मी भिंतीला टेकले. रडू यायच्या बेतात होतं, पण हसूच आलं. "नाही, सर."

"खा काहीतरी," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

डॉ. बिरादारांचा मात्र विश्वास बसेना. "आपोआप बंद, आपोआप चालू! मॅडम, तुम्ही त्या बाईची कड घेताय."

"माझ्यावर विश्वास ठेवू नका. येऊन बघा. आणि बाळाच्या वडिलांनाही बोलवा."

आम्ही पाच जणं त्या लहानशा खोलीत उभे राहिलो. डॉक्टर, मायाप्पा, ओठ घट्ट मिटलेल्या एस्थर सिस्टर, नुकती आलेली दुसरी सिस्टर आणि मी. मशीन चालू, दिवा चालू, सलाईनची बाटली गादीवर. "आता कुणीही हात लावायचा नाही," मी बजावलं. "नुसतं थांबायचं."

थांबणं सोपं नव्हतं. मायाप्पा या पायावरून त्या पायावर होत होता. डॉक्टर हातातल्या स्टेथोस्कोपशी चाळा करत होते. आकडे मंद व्हायची वेळ जवळ आली आणि डॉक्टर सवयीनं पुढं झाले, "बघू, किती झालंय," म्हणत त्यांनी बटण दाबलं.

"अहो!" मी आणि एस्थर सिस्टर एकदम ओरडलो.

"काय झालं?"

"आता पहिल्यापासून!"

"डाक्टर, हात खिशात घाला की तुमी!" मायाप्पा चिडून म्हणाला.

डॉक्टरांनी गुमान दोन्ही हात पांढऱ्या कोटाच्या खिशात घातले. पुन्हा वाट बघणं सुरू झालं. दुसऱ्या सिस्टरनं तोंडावर पदर धरला होता, हसू लपवायला. आणि मग आकडे मंदावले, भिंतीवरचा निळा रंग ओसरला. मी मीटर त्यांच्याकडे वळवून धरला. बारावरून उतरत उतरत आठ. बोट जाळीकडे केलं. कांडी लाल होती ती तांबूस झाली, मग काळी. आम्ही बघत राहिलो. ती काळीच राहिली. बाटलीचं तापमान घसरू लागलं.

"आता दाबा, डॉक्टर," मी म्हणाले.

त्यांनी खिशातून हात काढला आणि बटण दाबलं. टक्. निळा उजेड उसळून आला.

डॉक्टरांनी आपल्या बोटाकडे बघितलं. "राउंडला आलो की मी रोज हेच करतो," ते सावकाश म्हणाले. "आत शिरलो की आधी बटण दाबतो."

"म्हंजी," मायाप्पा म्हणाला, "कुणी बघाया आलं की ते चालू हुतंय?"

"हो."

"आन सिस्टरचं काय न्हाई त्यात?"

"काही नाही. चूक आमच्या मशीनची आहे. मी लिहून देते, आणि आमचे साहेब स्वतः येतायत सांगायला."

त्यानं खांद्यावरचं घोंगडं काढून हातात घेतलं. एस्थर सिस्टरांसमोर गेला, पण मान वर केली नाही. "सिस्टर, मी लई वंगाळ बोललो. मंडळींच्या देखत बोललो."

"असू दे," त्या म्हणाल्या. "पोरगी दूध ओढते का नीट?"

"ओढतीया."

"मग झालं."

तो बाहेर गेला. दार बंद झाल्यावरही त्याचा आवाज आत ऐकू येत होता. जमलेल्या माणसांना तो ओरडून सांगत होता की सिस्टरचा दोष नाही, समद्यांनी घरी जावा. डॉक्टर काही क्षण घुटमळले. मग एस्थर सिस्टरांच्या टेबलाखालची पिशवी त्यांनी स्वतः उचलली, कपाटात नेऊन ठेवली आणि कपाट लावून घेतलं. "उद्या सकाळची ड्यूटी तुमची. नाही, परवा. उद्या घरी राहा. पगारी," असं म्हणून ते भराभरा निघून गेले.

दिवस कलायच्या आत शिरगुप्पे सर आले. कंपनीची ट्रॅक्स स्वतः चालवत, मागं दुरुस्त केलेलं मशीन दोरांनी बांधून. शर्टाला सोल्डरच्या धुराचा वास होता. त्यांनी दिवा आणि हीटर लावून, आकडे मंद होईस्तोवर वाट बघून, बारा व्होल्ट स्वतः तीन-तीनदा मोजले. ते ढळले नाहीत. मग एस्थर सिस्टरांनी बाळाला आणलं. एवढंसं लाल तोंड, मुठी गच्च आवळलेल्या. त्यांनी तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, पोटाला वायर चिकटवली, तिला निळ्या उजेडात निजवलं. पोरीनं एक जांभई दिली आणि पाय ताणले. दाराशी तिची आई उभी होती, ती मटकन खाली बसली आणि पदरानं तोंड पुसू लागली. मायाप्पा तिच्याशेजारी बसला.

एस्थर सिस्टरांची मिरजेची गाडी केव्हाच गेली होती, म्हणून सरांनी त्यांना आमच्याबरोबर घेतलं. बिघडलेलं मशीन मागं, आम्ही दोघी मधल्या सीटवर. वाटेत कवठेमहांकाळला सरांनी चहासाठी गाडी थांबवली. मी दिवसभरात काही खाल्लं नव्हतं, समोर आलेली भजी मी बोलता बोलता जवळजवळ एकटीनंच संपवली.

"मला एक सांगा," एस्थर सिस्टर चहा फुंकत म्हणाल्या. "म्हणजे मी लांब असले की ते बंद. आणि मी जवळ आले की शहाण्यासारखं चालू?"

"तसंच."

त्यांनी थोडा विचार केला. "आमचे हे अगदी असेच आहेत," त्या म्हणाल्या, आणि एकदम खो-खो हसायला लागल्या. सरांना ठसका लागला. मी हसले, टपरीवाला नुसतं आमच्याकडे बघूनच हसू लागला. त्या हसता हसता रडल्या, आणि रडता रडता मला म्हणाल्या, "काल घरी गॅस बंद केला की नाही म्हणून मी चारदा उठले हो, ताई. चारदा. आता मला घरात एकटीला सोडू नका म्हणणार होते मी यांना."

सरांनी त्यांच्यासाठी आणखी एक चहा सांगितला.

गाडी पुन्हा रस्त्याला लागली. बाहेर ज्वारीची शेतं काळोखत चालली होती. जरा वेळानं माझ्या खांद्यावर ओझं आलं. एस्थर सिस्टर झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले.

"पद्मजा," सर पुढून म्हणाले, "उद्यापासून सगळी मशीनं परत मागवायची. आधी सोलापूरला—"

मी आरशात बघून ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी मान डोलावली, गाडीचा वेग कमी केला आणि रस्त्यातला एकेक खड्डा जपून चुकवू लागले. मिरज येईपर्यंत माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या. मी तो हलवला नाही.